सिस्टरांचा टेंपो

"गाणं सुरूच हाय की बाई. तू श्वास घे."

आमच्या सिस्टरांचं हे वाक्य येडशीच्या आसपासच्या कितीतरी बायांनी बाळंतपणाच्या टेबलावर आडवं पडून ऐकलेलं आहे. कळ ओसरली की बाई डोळे उघडायची. कोपऱ्यातल्या तांब्याएवढ्या स्पीकरकडं बघायची आणि विचारायची, "सिस्टर, गाणं कधी सुरू हुणार?" तिचं काही चुकत नव्हतं. स्पीकरमधून नुसतं ढुम... ढुम... येत असायचं. मधेच पाणी ठिबकल्यासारखं काहीतरी, मग लांब कुठंतरी घंटी. शब्द नाहीत. बाई गात नाही, बाप्या गात नाही. एक तुकडा संपून दुसरा कधी लागला तेही कळत नाही. सव्वा तास हे असंच चालायचं.

मी त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नवी एएनएम म्हणून लागले तेव्हा हा प्रकार बघून मलाही वाटलं होतं, स्पीकर बिघडलाय.

"बिघडलेला न्हाय," सिस्टर म्हणाल्या. "ह्याला डाउन टेंपो म्हन्त्यात."

त्याचं असं झालं होतं. माझ्या आधी वर्षभर तिथं पुण्याच्या एक तरुण डॉक्टर मॅडम होत्या. बाळंतपणाच्या वेळी त्या हे लावायच्या. जाताना त्यांनी स्पीकर आणि पेन ड्राइव्ह सिस्टरांना देऊन टाकला. डीजेनं एकात एक मिसळून केलेला अल्बम आहे, हे डाउनटेम्पो संगीत आहे, असं काहीतरी त्यांनी सांगितलं असणार. आमच्या भागात टेंपो म्हणजे कांदा, गुरं आणि वऱ्हाडी वाहून नेणारी गाडी, आणि डाउन म्हणजे बंद पडलेली. सिस्टरांनी आपला अर्थ लावून घेतला. एक टेंपो घाटात बंद पडलाय, डायव्हर पाना शोधतोय, आणि तोवर कुणालाच कसली घाई नाही. मला विचाराल तर या संगीताचं याहून चांगलं वर्णन मी अजून ऐकलेलं नाही.

तेव्हापासून दवाखान्यात त्याचं नाव टेंपो. "लाव गं आपला टेंपो," सिस्टर हातमोजे चढवत म्हणायच्या, आणि शिपाईसुद्धा बाहेर बसलेल्या नातेवाइकांना सांगायचा, "टेंपो लागलाय, आता हुतंय."

सव्वा तासाच्या त्या प्रवासात सिस्टरांनी थांबे ठरवले होते. सुरुवातीचा संथ घरघरणारा भाग म्हणजे गिरणी, पण दोन गल्ल्या पलीकडची. त्यानंतर बेडूक. मग ठिबक. मग ज्यात ठोके जरा चढतात ते बैलगाडी, आणि ती उतरली की घंटी. "आत्ता बेडूक चाललाय, तुजं घंटीला हुईल," असं त्या बाईला सांगायच्या. पिशवीचं तोंड एवढं उघडलंय, तेवढं उघडलंय, हे तिला सांगून काय कळणार? घंटी कळायची. आणि गंमत म्हणजे बायका घंटीची वाट बघत बसायच्या. कुणाचं घंटीला व्हायचं, कुणाला टेंपो दोनदा लावावा लागायचा. सिस्टरांचा अंदाज चुकला तर त्या म्हणायच्या, "बाळ उतरून चहा पीत आसंल."

सिस्टर अंगानं दणकट. आवाज असा की एसटी स्टँडवर माईक बंद पडला तर ह्यांना उभं करावं. जुनी माणसं सांगायची की पूर्वी ह्या बाळंतिणींवर इतक्या ओरडायच्या की बाहेर बसलेले नवरे उठून उभे राहायचे. मला ते खरं वाटायचं नाही. मी बघितलेल्या सिस्टर टेबलापाशी खालच्या पट्टीत, जवळजवळ कानात बोलायच्या. कुणी मोठ्यानं बोललं तर बोट ओठावर ठेवून स्पीकरकडं दाखवायच्या. ठिबक चालू असली की कात्रीसुद्धा ट्रेमध्ये अलगद ठेवायच्या.

एकदा लगतच्या वस्तीवरली एक पोरगी पहिलटकरीण म्हणून आली. वीस-एकविसाची, बारीक चणीची, भीतीनं दातखीळ बसायची बाकी. सोबत सासू. सासूनं पाच मिनिटं टेंपो ऐकला आणि पदर सावरून विचारलं, "सिस्टर, ह्यो कसला आवाज? फ्रीज हाय का आत?"

"डीजेनं केलंय ते मावशी," मी मोठ्या ज्ञानानं सांगितलं.

मुलगी झाली, सगळं नीट झालं, आणि सासूबाई गावभर कौतुकानं सांगत सुटल्या, "सरकारी दवाखान्यात बाळंतपनाला डीजे लावत्यात!"

आता डीजे म्हटल्यावर आमच्याकडं काय डोळ्यांपुढं येतं ते तुम्हाला माहीत आहे. ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत आणि खिडक्यांच्या काचा थरथरताहेत. कुणीतरी वर अर्ज ठोकला. महिन्याभरात एक साहेब फाईल घेऊन चौकशीला हजर.

"प्रसूतिगृहात डीजे वाजवता?" साहेब म्हणाले.

"व्हय साहेब," सिस्टर म्हणाल्या. "लावू?"

साहेबांना वाटलं बाई उद्धट आहे. सिस्टरांनी रिकाम्या खोलीत स्टूल दिलं, टेंपो लावला आणि त्या दाराशी उभ्या राहिल्या. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. गिरणी गेली. बेडूक गेला. साहेबांनी एकदा स्पीकर उचलून कानाला लावून बघितला.

"सुरू कधी होणार?"

मी तोंडाला रुमाल लावून औषधांच्या खोलीत पळाले. परत आले तेव्हा ठिबक चालू होती आणि साहेबांची मान फाईलवर कलली होती. सिस्टरांनी पंखा एकानं वाढवला, दार ओढून घेतलं आणि शिपायाला सांगितलं, "चहा अर्ध्या तासानं आन." साहेब घंटीला उठले. तोंडावर पाणी मारलं आणि जाताना शेरा लिहिला : 'प्रसूतिकक्षात डीजेसदृश काहीही आढळून आले नाही.' त्या कागदाची झेरॉक्स सिस्टरांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती.

सरकारनं सोडलेला टेंपो शेवटी वानरानं पळवला.

रामलिंगच्या रानातली वानरं उन्हाळ्यात आमच्या आवारात येतात. एका सकाळी खोली धुवून काढताना सिस्टरांनी स्पीकर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला होता. चालूच होता. जाळीचा एक कोपरा सुटलेला होता, तेवढ्यातून एक काळं तोंड आत आलं, हात आला आणि स्पीकर गेला. आम्ही बाहेर धावलो. वानर लिंबाच्या शेंड्याजवळ, दोन्ही हातांत स्पीकर धरून, आणि वरून आख्ख्या दवाखान्यावर गिरणी चाललेली! ओपीडीतली माणसं रांग सोडून झाडाखाली जमली. सिस्टर हातात केळं घेऊन वर बघत होत्या.

"ये रं बाबा. ये खाली. बेडूक लागायच्या आत ये."

वानरानं ऐकलं. म्हणजे सिस्टरांचं नाही, संगीत ऐकलं. मान तिरकी करून, अगदी बेडूक संपेपर्यंत. मग कंटाळलं असावं. स्पीकर सुटला तो खालच्या सिमेंटच्या हौदाच्या काठावर. तुकडे गोळा केले तर पेन ड्राइव्ह दोन भागांत.

मी मोबाईलवर खूप शोधलं. त्या जातीचं संगीत ढिगानं होतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत एकेक लावायची आणि सिस्टर पोळी चावत निकाल द्यायच्या. "ह्यो पळतोय." "ह्याच्यात बेडूक न्हाय." "ह्यो रडका हाय, बाळ भ्याईल." अल्बमचं नाव आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं. मॅडम पुढच्या शिक्षणाला परदेशी गेलेल्या, जुना नंबर लागत नव्हता. एका कुठल्याशा जुन्या कागदावर त्यांचा ईमेल सापडला, त्यावर मी चार ओळी लिहून पाठवल्या. उत्तर आलं नाही.

आणि अशात एका दुपारी वस्तीवरली तीच पोरगी दुसऱ्या खेपेला आली. सासू सोबत होतीच. या वेळी पोरगी भ्यायलेली नव्हती. टेबलावर चढली, उशी नीट केली आणि म्हणाली, "लावा सिस्टर."

"वानरानं नेला गं."

पोरीला वाटलं चेष्टा. मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. पहिल्या वेळची सगळी भीती जणू कोपऱ्यात टपून बसली होती, ती अंगावर आली. श्वास भराभर, हाताची पकड लोखंडी दांड्यावर, वेळ झालेली नसताना जोर लावायला लागली. सिस्टरांनी समजावलं, मी समजावलं. सासूनं देवाचं नाव घ्यायला सांगितलं. काही केल्या ती ऐकेना.

तेव्हा सिस्टरांनी दाराकडं एकदा बघितलं आणि तोंडानं सुरू केलं.

"ढुम्म... ढुम्म... घर्रर्र..."

मी हातातला कापूस खाली टाकला. सिस्टरांना गाता येत नाही, हे सगळ्या दवाखान्याला ठाऊक होतं. राष्ट्रगीतातही शेजारची माणसं दोन पावलं सरकून उभी राहायची. पण ही गिरणी होती, अगदी दोन गल्ल्या पलीकडची. मग गळ्यातून खोल असा बेडूक निघाला. पोरीनं डोळे उघडले. तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. "टिप... टिप..." सिस्टर म्हणाल्या.

"ठिबक इतक्यात न्हाय," पोरगी धापा टाकत म्हणाली. "आजून एकदा बेडूक येतो."

"खरंय," सिस्टर म्हणाल्या आणि पुन्हा बेडूक झाल्या.

पोरीचा श्वास त्या ढुमला लागत गेला. बैलगाडी आली तेव्हा सिस्टरांची दमछाक व्हायला लागली, तशी सासू पुढं सरकली आणि स्टीलच्या पेल्यावर बांगडी आपटून ठोके देऊ लागली. मी काय करणार? मी घंटी झाले. हसू नका. त्या खोलीत त्या वेळी कुणीही हसत नव्हतं.

डोकं दिसलं, बाहेर आलं, आणि मला बाळाच्या मानेभोवती नाळ दिसली. दोन वेढे. माझी घंटी थांबली. सिस्टरांनी मात्र ढुम थांबवलं नाही. ठोक्याठोक्यामधे, त्याच पट्टीत म्हणाल्या, "आता जोर न्हाय लावायचा माझी बाय. नुसती फुंकर. चहावर मारतो तशी. ढुम्म... फुंकर... ढुम्म..." पोरगी फुंकर मारत राहिली. सिस्टरांच्या दोन बोटांनी एक वेढा डोक्यावरून काढला. ढुम्म. दुसरा काढला. ढुम्म. त्या आवाजात एवढासुद्धा कंप नव्हता. पोरीला काही कळलंच नाही. मग बाळ आलं, निळसर, गप्प. सिस्टरांनी त्याला दुपट्यात घेऊन पाठ चोळली, तोंड पुसलं, पुन्हा चोळली, आणि बाळानं असा टाहो फोडला की सासूच्या हातातला पेला खाली पडला.

"मुलगा की मुलगी?" सासूनं विचारलं.

"ह्यो भोंगा हाय मावशी," सिस्टर म्हणाल्या. "टेंपोचा."

नंतर मी हात धुवायला बेसिनपाशी गेले तर सिस्टर तिथं उभ्या होत्या. नळ चालू होता. साबण दोनदा निसटला. मी उचलून दिला. "ह्या वयात बेडूक व्हायचं म्हंजे," त्या म्हणाल्या आणि बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिल्या.

त्यानंतर तीनच महिन्यांत त्या निवृत्त झाल्या आणि परंड्याजवळ आपल्या गावी भावाच्या घराशेजारी राहायला गेल्या. आता टेबलापाशी मी असते. खालच्या पट्टीत बोलायचं मी त्यांच्याकडूनच शिकले, पण बेडूक मला येत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुमारास अचानक मॅडमचं उत्तर आलं. ईमेल इतक्या दिवसांनी बघितला म्हणून माफी, सोबत आख्खा अल्बम, आणि खाली दोन ओळी. त्या वाचून मी एकटीच हसले. एका सुट्टीच्या दिवशी इअरफोन विकत घेतले, बार्शीला बस बदलली आणि दुपारी सिस्टरांच्या दारात उभी राहिले. त्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या.

चहा झाल्यावर मी सांगितलं, "मॅडमनी लिहिलंय, ते संगीत पेशंटसाठी नव्हतंच. तुमच्या ओरडण्याला त्या भ्यायच्या. तुमचा आवाज खाली यावा म्हणून लावायच्या."

सिस्टरांचं सगळं अंग हसण्यानं हलायला लागलं, मांडीवरच्या शेंगा घरंगळल्या. "आगं बया! म्हंजे पेशंट मीच हुते व्हय!" डोळ्यांतलं पाणी पुसायच्या आणि परत हसायच्या. "आनी मला वाटायचं, मीच समद्यांना गप करते."

मी त्यांच्या मोबाईलमध्ये अल्बम भरून दिला आणि इअरफोन कानांत घातले. इअरफोन त्यांनी आयुष्यात कधी लावले नव्हते. गिरणी लागली तसे त्यांचे डोळे मोठे झाले. डावीकडं बघितलं, मग झर्रकन उजवीकडं.

"आगं, बेडूक ह्या कानातनं त्या कानात उडी मारतुया!" त्या ओरडल्या. कानात बोळे असलेल्या माणसाला आपला आवाज कळत नाही. शेजारच्या घरातून त्यांच्या भावानं डोकं बाहेर काढलं.

"हळू बोला सिस्टर," मी म्हणाले.

"काय? मोठ्यानं बोल!"

माझी परतीची बस होती. मी हात हलवला, त्यांनी पाहिलं नाही. त्या डोळे मिटून, मान कधी इकडं कधी तिकडं कलती करत, आवाज कुठून कुठं जातोय त्याच्या मागं मागं चालल्या होत्या. मी चपला घातल्या, फाटक ओढून घेतलं आणि रस्त्याला लागले. गल्लीच्या टोकाला पोचले तरी मागून, साऱ्या वस्तीला ऐकू जाईल अशा दणदणीत आवाजात येत होतं, "ढुम्म... ढुम्म..."