वीरगळाच्या छातीला भोक

कन्नड मुलखातल्या पोलीस नोकरीतली ती केस आठवली की आजही माझं डोकं तापतं.

होसकोटेजवळच्या एका गावात तळ्याच्या बांधावरून वीरगळ चोरीला गेला. वीरगळ म्हणजे गावासाठी लढताना मेलेल्या माणसाचा कोरीव दगड. हा गंग राजांच्या काळातला, खाली जुन्या कन्नडात त्या वीराचं नाव. फिर्याद घेऊन गावातली एक वयस्क अक्का आली, तर ठाणे अंमलदार हसला. मी त्याला झापलं आणि गुन्हा दाखल करून घेतला.

खबर त्याच गावच्या एका कॅब चालकानं दिली. व्हाइटफील्डमध्ये प्रवासी सोडताना एका बंगल्याच्या आवारात त्यानं तो दगड पाहिला होता.

पंच घेऊन आम्ही पोचलो. वीराच्या छातीतून आरपार पाइप घातला होता आणि त्यातून कारंजं उडत होतं. खालची अक्षरं गायब.

मालक पुण्याकडचा. माझ्या गणवेशावरचं आडनाव वाचून त्याला धीर आला. ''साहेब, आपण मराठी माणसं, इथंच मिटवू. मला हेरिटेजची आवड आहे हो!''

''आमच्या तीन पिढ्या इथल्याच राजाजीनगरात गेल्या,'' मी म्हणालो. ''हे शहर माझंच आहे. स्वल्प, जरा तोंड सांभाळा.''

कारंजं बसवणाऱ्या कंत्राटदाराची चौकशी ठाण्यात केली. दगड राजस्थानातून आणला, हे एकच तो घोकत होता. दगडाची खालची कड ताजी कापलेली मी पाहिली होती. चोरीचा विषयच न काढता विचारलं, ''कापलेला तुकडा कुठाय?''

''कारंज्याच्या चौथऱ्याच्या भरावात टाकला, सर. त्यावर चित्र नव्हतं, नुसती कन्नड अक्षरं होती.''

''राजस्थानात कन्नड कोण कोरतं?''

त्याची मान खाली गेली. गाव जत्रेला गेलेलं असताना क्रेन लावून दगड उचलला, मालकानं फोटो पाहून तोच हवा म्हणून सांगितलं होतं, असा सगळा जबाब त्यानं दिला.

चौथरा फोडला. फुटकी अक्षरं निघाली. पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी ती जुळवून पाहिली, पण नाव काही लागेना. दोघांवर आरोपपत्र गेलं. मुद्देमाल ओळखायला आलेली अक्का दगडाभोवती फिरली आणि कन्नडात म्हणाली, ''अण्णा, याचं नाव कुठं गेलं?''

पोटासाठी चोरी करणारे मी पुष्कळ पाहिले. त्यांच्यावरचा राग कोठडीबाहेर पडताच निवायचा. आवड आहे म्हणून हजार वर्षांच्या माणसाला भोक पाडणाऱ्यावरचा राग मात्र निवृत्तीनंतरही गेलेला नाही. तो जाऊही नये.