दिरानं आणलेलं मीठ

लेकीचा गळा सुजला, तेव्हा सांगलीच्या डॉक्टरांनी बजावलं, "हिचं शरीर स्वतःच्याच गळ्यातल्या ग्रंथीवर उठलंय. गोळी रोज द्या, वरून आयोडीन नको." तेवढ्यात माझा फौजी दीर सुट्टीवर पलूसला आला, हिमालयातल्या छावणीतनं आयोडीनचं मीठ पोतंभर घेऊन! अर्ध्या हिंदुस्थानाला पुरलं असतं.

"वैनी, तिकडं गलगंडावर ह्येच देत्यात. डाक्टरला काय कळतंय?"

"आवं भावजी, तिकडं आयोडीन कमी पडतंय. हिचं दुखणं निराळं हाय!"

ऐकेल तर शपथ! पोरीच्या भातात चिमूट टाकताना मी त्याला पकडलंच. मग त्याची आमटी मी त्याच मिठाची केली, इतकी खारट की गावची विहीर त्यानं एकट्यानं आटवली. पोरीचं ताट मात्र त्याची सुट्टी संपेपर्यंत माझ्या मांडीवरून खाली उतरलं नाही.