मातीचे नमुने

दर महिन्याला कॉलेजातला तो संशोधक आमच्या खारावलेल्या रानातली माती पिशव्यांत भरून न्यायचा. नमुने नेतो म्हणून गावानं त्यालाच नमुना म्हटलं. "आजी, नमुना आलाय," तो स्वतःच हाक मारायचा. दिल्लीच्या संशोधन निधीतून त्याच्या कॉलेजात माती तपासायचं यंत्र आलं, दोन पोरी ते चालवायला शिकल्या. रान सुधारेल असं मलाही वाटलं.

परवा तो सगळ्या पिशव्या परत घेऊन आला.

"निधीला मुदतवाढ न्हाई मिळाली, आजी. यंत्र हाय, पोरी गेल्या. एक साड्यांच्या दुकानात लागली."

मग पिशव्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत तो एकेक पिशवी जिथली तिथंच ओतू लागला.

"कुठंबी टाक की," मी म्हटलं.

"माती मिसळली तर पुढं तपासणाऱ्याची चूक व्हईल."

"पुढं कोन येतंय?"

तो दुसरी चिठ्ठी वाचू लागला.