यमुनाबाय आणि यादीबाहेरच्या कोंबड्या

टोकावड्याच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. तिथल्या यमुनाबायवर २००४ सालच्या श्रावणात, एका मंगळवारी सकाळी अन्याय झाला. तिच्या अंगणात, तिच्याच खाटेवर बसून जनावरांच्या दवाखान्यातल्या साहेबांनी पंचनामा लिहिला: 'कोंबड्या लाभार्थींच्या हलगर्जीपणामुळे मेल्या.' खाली बचत गटाची अध्यक्ष म्हणून तिचा अंगठा घेतला. तिच्याबद्दल बाकी काही विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका.

तिच्याकडे कुणी कोंबडी घेऊन आलं, की ती माणसाला पाणीही विचारत नसे. आधी कोंबडी उचलायची, छातीच्या हाडावरून बोट फिरवायची. हाड सुरीसारखं लागलं की तिचा चेहरा उतरायचा. मग तुरा फिका पडलाय का, बुडाखालची पिसं भरलीत का, ते बघायची. शेवटी विष्ठा काडीने पसरायची. त्यात तांदळाच्या कणीसारखं किंवा शेवयांसारखं काही वळवळलं, की म्हणायची, "खाती ही, नि पोसला जातो दुसराच. जंत हायेत गो." मी तेव्हा कष्टकऱ्यांच्या एका संघटनेची पत्रकं वाटत वाड्या हिंडत होतो. पहिल्याच भेटीत तिने ऐकवलं, "तुझा कागद वाचून कोंबडी बरी व्हत नाय रे. हितं बस, काडी धर."

त्या वर्षी सरकारी योजनेतून गटातल्या बायकांना सुधारित जातीच्या कोंबड्या मिळाल्या. त्या गावठी कोंबड्यांबरोबर एकाच खुराड्यात कोंडल्या गेल्या, एकच उकिरडा उकरू लागल्या. पावसाने खुराड्यांत ओल धरली. थोड्याच दिवसांत नव्या-जुन्या सगळ्याच पंख पाडून उभ्या राहायला लागल्या. यमुनाबायने मेलेली एक विळ्याने फाडली. आतडं पांढऱ्या जंतांनी गच्च भरलेलं होतं. ते पळसाच्या पानात बांधून ती एसटीने जनावरांच्या दवाखान्यात गेली. मी बरोबर होतो.

साहेबांनी नाकाला रुमाल लावला, योजनेतल्या कोंबड्यांची यादी काढली आणि तेवढ्याच कोंबड्यांना पुरेल एवढी औषधाची बाटली दिली.

"नि आमच्या गावठी?"

"गावठी यादीत नाहीत, बाई."

"जंताला यादी वाचता येती का, साहेब?"

शिपाई हसला. दुसरी बाटली काही मिळाली नाही.

वाडीत जे येईल ते वाटून घ्यायचं, ही तिथली रीत. शिकार असो की मासळी, वाटे सारखे पडतात. बायकांनी औषधाचेही वाटे घालायला घेतले, यादीतल्या आणि गावठी अशा सगळ्या कोंबड्यांना थोडं थोडं. यमुनाबाय आडवी आली. "हे काय मटण हाय वाटे घालायला? अर्ध्या औषधानं जंत मरत नाय! बाटली तशीच ठेवा. उद्या सगल्या जनी दवाखान्यात जाऊन बसू, पुरतं घेऊनच उठू."

शेजारची ताराबाय कडाडली, "अध्यक्षीन झाली म्हनून लय शिकली! तवर आमच्या मरू दे ना?"

मी मध्ये पडलो आणि ताराबायची बाजू घेतली. समान वाटप! मला ते पत्रकात छापण्याजोगं वाटलं. यमुनाबायला बाजूला सारून बायकांनी औषध थोडं थोडं सगळ्या कोंबड्यांना पाजलं.

कोंबड्या मेल्या. यादीतल्या मेल्या, यादीबाहेरच्याही मेल्या. मग साहेब आले.

"जंताचं लिवलंत का?" तिने विचारलं.

"त्याला तपासणीचा अहवाल लागतो. अंगठा लाव, नाहीतर योजनेतून गटाचं नाव कटेल."

गटासाठी तिने अंगठा लावला. गटाचं नाव तरीही कटलं. 'हिच्यापायी गेलं' म्हणून बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं. तिच्या अंगणात कोंबडी दाखवायला कुणी येईना. दिवाळीनंतर ती वीटभट्टीवर गेली. पुढच्या वर्षी पुन्हा गेली, तिथेच तापाने मेली. पंचनामा आजही तसाच आहे. तिच्या मरणावर कुणी पंचनामा केला नाही.

वाचून हळहळू नका, त्याचा तिला उपयोग नाही. उद्या तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात जा. एकट्याने जाऊ नका, वाडी घेऊन जा. गावठी कोंबड्यांसाठी जंताचं औषध मागा. एकूण एक कोंबडीला पुरा डोस पडेल एवढं मागा, आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा द्यायचं तेही मागा. नाही म्हणाले, तर ते 'नाही' कागदावर लिहून मागा. साहेबांची सही झाल्याशिवाय तिथून उठू नका.