व्हाळापलीकडून पाहिलेलं माझं घर

माझ्याच घरातून मला चार दिवस बाहेर ठेवलं, आणि माझी बाजू घेणारा एकही माणूस त्या गावात निघाला नाही.

गावाचं नाव सांगत नाही. घर अजून तिथेच आहे, आणि मला अधूनमधून जावं लागतं.

मी काथ्याच्या दोरांचा व्यापारी. मालवणात बंदराजवळ माझं दुकान आहे. पण सुरुवात झाली ती डोक्यावर दोरांची वेटोळी घेऊन गावोगाव हिंडण्यातून. दुपारच्या उन्हात कुणाच्या पडवीत जरा टेकावं, तर आतून लगेच आवाज येई, "कोण तो? उठव त्याका, पडवी झाडूची आसा!" (मी बसलो की त्या मुलखातल्या प्रत्येक घराला झाडलोट आठवायची.) तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, की एक दिवस अशी पडवी विकत घेईन जिथून मला 'ऊठ' म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

तशी पडवी मिळाली. पडवीमागे घर, घरामागे बाग. बागेत माड, केळी, एक जुना आंबा आणि व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, बारमाही पाणी. मालक होता बाबलो. माणूस गरीब गाईसारखा, पण मी सौद्यात गाईवरही विश्वास ठेवत नाही.

"वामनशेटानू," तो म्हणाला, "सौदो करूच्या आदी गावाची एक रीत तुमच्या कानार घालतंय..."

"रीत नको. किंमत बोल."

"किंमत बोलतंय, पण ती रीत..."

मी मनात म्हटलं, आला मुद्द्यावर! आता देवाचं काहीतरी सांगेल, वर्षाचा नारळ सांगेल, आणि त्याच्या नावाखाली भाव चढवेल. असले डाव मी रोज सकाळी चहाबरोबर पचवतो. तिसऱ्यांदा त्याने 'रीत' म्हणताच मी उठून चपला घातल्या. (सौद्यात चपला घालणं हे माझं सगळ्यात धारदार हत्यार.)

"बाबल्या, रीत असतली ती असतली! रीतीसकट घर घेतलंय. देतंस की जाव?"

त्याने दिलं. मी म्हणालो त्या किमतीला दिलं. घरी येताना मी गाडीवानाला सगळी कथा दोनदा ऐकवली.

आता अण्णांविषयी. अण्णा म्हणजे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईचे, यजमान. मुंबईला सरकारी कचेरीत, टेबलावर घंटी असलेले. माझ्या लग्नात त्यांनी मला विचारलं होतं, "आपण दोर वळता की नुसते विकता?" आणि मी 'विकतो' म्हटल्यावर, दोन्हींपैकी काहीही असतं तरी वाईटच होतं अशा चेहऱ्याने मान हलवली होती. त्यानंतर किती वर्षं गेली, पण ती मान माझ्या डोळ्यांपुढे हलायची थांबली नव्हती.

म्हणून थंडीत त्यांना बोलावलं. भातं घरात आलेली, हवेत गारवा, बागेत मुळे, लाल भाजी, वाल. केळीवर एक घड असा भरलेला, की चार दिवसांत पिकणार म्हणजे पिकणार. माझा बेत साधा होता. सकाळी खळ्यात, म्हणजे अंगणात, कोवळ्या उन्हाला बसायचं, पेज आणि भाजलेला बांगडा खायचा, दुपारी शहाळी, संध्याकाळी निखाऱ्यात राताळी. आणि हे सगळं चालू असताना अण्णांनी एकदा, फक्त एकदाच, म्हणायचं, "वामनराव, तुम्ही मिळवलंत हो!" बस. बाकी माझी काही मागणी नव्हती.

मुंबईहून मालवणला आगबोट यायची, त्या काळातली ही गोष्ट. अण्णा आणि ताई बोटीतून उतरले तसे मी, माझी बायको शालू आणि ते दोघं बैलगाडीने गावाकडे निघालो. वाटेत मी बागेविषयी बोलत होतो आणि अण्णा झोपत होते.

गावाच्या शिवेवर गाडी आली आणि थांबली. समोरून गाव येत होतं.

गावातली माणसं येत होती असं मी म्हणत नाही. गाव येत होतं! डोक्यावर वळकट्या, हातात टोप, काखेत पोरं, डालग्यांत कोंबड्या. गाई, म्हशी, कुत्री, एका म्हातारीच्या पदरात मांजर. आणि सगळ्यांचे चेहरे लग्नाला निघाल्यासारखे!

"आग लागली का हो?" ताईने घाबरून विचारलं.

सगळ्यांच्या पुढे गावचे मानकरी, आबा गावकर. मला पाहून ते हसले.

"इलात, शेटानू? बरा झाला. गाडी परती फिरवा."

"कित्याक?"

"गावपळण आसा. देवान कौल दिल्यान. तीन दिस गावात माणूस रवाचा नाय, जनावर रवाचा नाय, चूल पेटाची नाय. चवथ्या दिसा देवाक इचारून परत येवचा. बाबल्यान तुमका सांगूक नाय?"

(त्याच क्षणी मला चपला घालतानाचा मी दिसलो.)

"सांगी होतो," मी म्हणालो, "पण पुरता सांगल्यान नाय."

माणूस शहाणा असता तर तिथेच गप्प बसला असता. मी घासाघीस सुरू केली.

"आबानू, तीन दिस लय झाले. एक करा."

"शेटानू, ह्यो काय काथ्याचो सौदो?"

"बरा, दीड दिस! तुमचा रवला, माझा रवला."

"अरे, देवाक दीड दिस सांगतलो कोण?"

"तुमी रवांद्या. मी सांगतंय."

लोक थांबून ऐकू लागले. एकाने डोक्यावरची वळकटी खाली ठेवून तिच्यावर बैठक मारली. मी म्हटलं पाहुणे मुंबईहून आलेत. आबा म्हणाले त्यांकाय घेवा. मी म्हटलं बाहेरचा माणूस गावात धरत नाहीत. आबा म्हणाले गावात घर घेतल्यान तो गावचो. मी म्हटलं निदान पाहुण्यांना घर दाखवून आणतो. आबा म्हणाले मगे तोंड कित्याक चलवतास, उन्हां कलतीच्या आदी जावन येवा! पण तोवर मी इतका तापलो होतो, की दाखवून आणायचं सोडून दीड दिवसाचाच हट्ट धरून बसलो. त्या वादाला लागलेल्या वेळात अण्णांना घर दाखवून, बाग दाखवून, शहाळंही पाजून झालं असतं.

शेवटी मी आबांना ओढतच देवळात नेलं. गुरव दाराला कडी घालत होता. त्याने आत येऊन देवाच्या पाषाणाला फुलाच्या पाकळ्या ओल्या करून लावल्या. उजवी पाकळी आधी गळली तर देवाचा होकार, डावी गळली तर नकार.

"महाराजा," गुरवाने विचारलं, "शेटाक घरात रवाक देतंस काय?"

डावी.

"परत लाव," मी म्हटलं. "वारो इलो."

डावी.

"इचार, पाव्हण्यांक तरी? नायतर मी एकटो? बरा, नुसतो पडवेर?"

डावी, डावी, डावी. आयुष्यात मी खूप कडक माणसं पाहिली, पण इतकी घासाघीस होऊन पै इकडची तिकडे न करणारा हा एकच भेटला.

आम्ही शिवेवर परत आलो तेव्हा ऊन कललं होतं, आणि 'आता घर दाखवून आणतो' म्हणायची सोय उरली नव्हती.

व्हाळापलीकडे, म्हणजे गावाच्या शिवेबाहेर, माळ होता. तिथे लोकांनी आधीच माडाच्या झावळ्यांच्या खोपी उभ्या केल्या होत्या. फक्त आमची नव्हती. माळ कुणाचा? बाबल्याचा! घर विकून तो आता पलीकडच्या गावात राहत होता. मला पाहून तो खाली मान घालून आला, झावळ्या आणल्या, बांबू आणले, आणि बोलता बोलता आम्हा चौघांची खोप उभी केली.

"किती झाले?" मी कमरेला हात लावून विचारलं.

"काय नाय, शेटानू. असांद्या."

"असांद्या कसा? बोल तरी!"

"नको ओ. तुमचे पाव्हणे ते आमचे पाव्हणे."

मी त्याच्याशी पुष्कळ भांडलो. पण जो काहीच मागत नाही त्याच्याशी घासाघीस कशी करायची, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी चपला घालून पाहिल्या. त्याचाही उपयोग झाला नाही.

खरी शिक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी सुरू झाली. खोपीतून बाहेर आलो, आणि व्हाळापलीकडे, हाकेच्या अंतरावर, माझं घर! कौलांवर कोवळं ऊन, पडवी रिकामी, खळं रिकामं, केळीवर घड पिवळा पडलेला. मी शालूला हाक मारणार, इतक्यात घड हलला.

गावात माणूस नाही, कुत्रं नाही, ही बातमी माकडांना कुणी दिली मला ठाऊक नाही. त्यांनी घड उतरवला, पडवीवर नेला आणि रांगेत बसून सोलायला घेतला.

"हाड! हाड रे!" मी ओरडलो.

माकडांनी पाहिलं आणि पुढचं केळं घेतलं.

अण्णा चहाचा पेला घेऊन माझ्याजवळ आले. बराच वेळ न्याहाळून म्हणाले, "घर ऐसपैस आहे हो. ते पडवीत बसलेत ते कोण? बाबलोकडचे का?"

मी दगड घेऊन व्हाळात उतरलो. लगेच चौघांनी मला धरलं. "शेटानू, शीव वलांडू नका!" मी म्हटलं सोडा, ते म्हणाले नाय. मी शिव्या दिल्या. त्या ऐकायला आणखी लोक आले. गंगाकाकी, आबा गावकरांची बायको, माळावरून ओरडली, "गो शालू, तुझ्या घोवाक पेज घाल! पोटात काय नाय म्हणान वांदरांवांगडा भांडता!"

आणि शालू हसली. लग्नानंतर मी तिला इतकं हसताना पाहिलं नव्हतं, आणि तेव्हा मात्र मला ते पाहायचं नव्हतं!

माळावर काय चालू होतं ते सांगतो, म्हणजे माझी अवस्था कळेल. कोवळ्या उन्हात पेज आणि भाजलेला बांगडा होता. निखाऱ्यात राताळी होती. बाबल्याने शहाळी उतरवली होती. माझा सगळा बेत, ओळीने, जसाच्या तसा, दुसऱ्याच्या माळावर पार पडत होता! ताई गंगाकाकीकडून घावणे शिकत होती. बायका फुगड्या घालत होत्या. आणि ताटाखाली पाट नसेल तर न जेवणारे अण्णा, धोतर खोचून भजनात झांज वाजवत होते. तीही चुकीची, पण जोरात.

मी एकटा व्हाळाच्या काठावर, माळाकडे पाठ करून बसलो होतो. माकडांनी मुळे उपटले, वालाचा मांडव पाडला. एक थोराड माकड होतं, ते दिवसभर पडवीतच बसायचं. पाय सोडून, खांबाला टेकून. अगदी मी बसणार होतो तसं. त्याला कुणीच 'ऊठ' म्हणत नव्हतं. मला मात्र घर घेतल्यावरही पहिला शब्द ऐकावा लागला तो त्याच अर्थाचा. त्या विचाराने मी डोळे पुसले. शेजारी येऊन बसलेल्या शालूला मी धूर लागला म्हणून सांगितलं. चूल बरीच लांब होती. तिने एक राताळं सोलून माझ्या हातात ठेवलं.

चौथ्या दिवशी सकाळी मानकरी कौल घ्यायला देवळात गेले. त्याच संध्याकाळी अण्णांची आगबोट होती. मी हिशोब केला: कौल मिळाला की धावत घरी, पडवीत बसून निदान एक कप चहा, मग गाडी. एक कप! मागणी किती खाली आली होती पाहा!

मानकरी परत आले. आबांनी हात वर केला.

"देव उजवो देय ना. आनिक एक दिस!"

माळावर असा जल्लोष झाला, की पडवीतलं माकड दचकून उभं राहिलं.

"पयल्या दिसा देवाक लय सवाल केले ना कोणी," गुरव माझ्याकडे न पाहता म्हणाला. "म्हणान देव रुसलो."

मला वाटलं आता मार बसणार. पण उलटंच! एकजण येऊन माझी पाठ थोपटून गेला. "शेटानू, तुमच्यामुळे एक दिस वाडलो! फुडल्या खेपेक पण येवा आनि इचारा!" गंगाकाकीने तर माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळल्या.

अण्णा गाडीत बसले. ताईच्या डोळ्यांत पाणी होतं. गंगाकाकी तिच्या ओटीत राताळी घालत होती. मी अण्णांजवळ गेलो. म्हटलं, "अण्णा, माझं घर..."

"पाहिलं की!" अण्णा म्हणाले. "पण वामनराव, खरं सांगू? असे दिवस मी जन्मात काढले नव्हते. मिळवलं हो..."

मी आणखी पुढे झालो.

"...मिळवलं हो या बाबलोंनी! काय माळ आहे! पुढची गावपळण कधी असते? रजा आधीच टाकून ठेवतो."

गाडी गेली. धूळ खाली बसेपर्यंत मी तिथेच उभा होतो.

दुसऱ्या दिवशी उजवी पाकळी पडली आणि गाव परत आलं. शालू केळ्यांच्या सालींवरून वाट काढत मागल्या दारी गेली. मी काठी घेऊन पुढे गेलो. ते थोराड माकड पडवीतच होतं.

"ऊठ!" मी गरजलो. "घर माझा आसा! पैसे मोजून घेतलंय!"

त्याने मान वळवून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि माझ्या लग्नात अण्णांनी हलवली होती तशी मान हलवली. मी काठी खाली घेतली. माझ्याकडे खरेदीखत होतं हे खरं. पण मी त्या घरात तोवर एक रात्रही काढली नव्हती आणि त्याने चार काढल्या होत्या. वहिवाट पाहिली असती तर कुठल्याही कोर्टाने निकाल त्याच्याच बाजूने दिला असता, म्हणून मी जरा अंतर ठेवून पडवीच्या दुसऱ्या टोकाला बसलो.