घर या खोलीत, भाऊ त्या खोलीत

आमच्या ऑफिसात केसेस हलत नाहीत, किस्से मात्र साचत जातात. आम्ही वकील. परदेशी सरकारांनी बळकावलेली घरं-जमिनी मूळ मालकांना मिळवून द्यायच्या, हे आमचं काम. हसू नका यार!

सध्या वॉशिंग्टनमध्ये अशाच एका सरकारशी बोलणी चालली आहेत. मालमत्ता एका खोलीत, मानवाधिकार शेजारच्या. इकडचा विषय तिकडे काढायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी ठरला. मी मालमत्तेत, आमचा नागपूरचा संदेश मानवाधिकारात.

*

आमच्या क्लायंट मार्ताकाकू. त्यांचं घर सरकारने घेतलं आणि त्याचा तुरुंग केला. सरकारविरुद्ध बोलला म्हणून त्यांचा धाकटा भाऊ आता त्याच तुरुंगात आहे. म्हणजे घराची केस माझ्याकडे, भावाची संदेशकडे. पत्ता एकच!

*

एकदा त्या सरकारचे साहेब म्हणाले, "घराची आम्ही उत्तम निगा राखलीय. खिडक्यांना नवे गज बसवलेत."

आणि त्या गजांचा खर्च काकूंच्या भरपाईतून कापायला निघाले!

*

कॉफी मशीनपाशी संदेश भेटला. वैतागलेला.

"कैद्यांना भेटू द्या म्हटलं, तर म्हणतात, इमारतीच्या मालकीचा वाद चालू आहे. मालकाच्या परवानगीशिवाय कुणाला आत सोडता येत नाही."

"अरे, मालकीण तर माझ्या खोलीत बसलीय!"

"तेच सांगितलं. म्हणाले, तो शेजारच्या खोलीतला विषय!"

*

वीकेंडला वेस्ट विंडसरला घरी गेले, तेव्हा हे लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "ममा, जस्ट आस्क देम इफ ही इज ओके!"

मी तिला नियम समजावायला लागले. माझी मलाच लाज वाटली.

*

परवा साहेब हसतमुखाने आले. काकूंच्या हातात किल्ली ठेवून म्हणाले, "घर तुमचं. पूर्ण रिकामं केलंय."

आमच्या बॉसनी टाळ्या वाजवल्या. काकू बसूनच होत्या.

"रिकामं? मग माझा भाऊ कुठे आहे?"

साहेबांनी अदबीने शेजारच्या खोलीकडे हात केला.

म्हटलं, नियम गेला चुलीत! काकूंना धरून तिकडे नेलं. संदेश एकटाच बसला होता.

"ते लोक सकाळीच उठून गेले गं. म्हणाले, त्या पत्त्यावर आता कैदीच नाहीत, तेव्हा विषय संपला."

त्याने तेच काकूंना इंग्रजीत सांगितलं. काकूंनी किल्ली त्याच्यापुढे ठेवली.

"ही त्यांना परत द्या," त्या म्हणाल्या. "म्हणावं, घर भावासकट होतं तसंच राहू दे."