खांद्यातला म्हातारा

कलिंगड घेताना आमच्या मंडईत बायका ते कानाशी धरून बोटानं टकटक वाजवतात, तशी साचिको रॅकेट वाजवायची. मी नुकतीच तार भरून दिलेली रॅकेट कानाला लावायची, अंगठ्याच्या नखानं मधली तार छेडायची आणि डोळे मिटून उभी राहायची. मागे परदेशी पोरी आपापल्या रॅकेटी घेऊन खोळंबलेल्या असल्या तरी हिचं ऐकणं काही संपायचं नाही. मग एकच डोळा उघडून मला म्हणायची, "काका, थोडी सैल."

साचिको जपानची. टेनिस हा तिचा धंदा. माझं सोलापुरात खेळाच्या सामानाचं दुकान आहे. हिवाळ्यात आमच्या गावात बायकांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते, तेव्हा कोर्टाच्या कडेला मंडपात यंत्र मांडून मी रॅकेटींना तारा भरतो. आमच्या धंद्यात याला गटिंग म्हणतात. वडील मागावर चादरी विणायचे, आजोबाही तेच. घराण्यात माग सोडणारा पहिला मीच, असं आमच्या विणकर समाजातले लोक अजून तेलुगूत एकमेकांना सांगतात. मी म्हणतो, सोडला कुठे? ताणा आहे, बाणा आहे, एक तार वरून, एक खालून. फक्त माझी चादर कुणाला पांघरता येत नाही, एवढंच.

तर साचिको. विशीत असताना ती ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या स्पर्धेत, मुख्य फेरीत खेळली होती. हजारो माणसं बघायला, टीव्हीवर तोंड, कपड्यांवर कंपन्यांची नावं. तिनं मला त्या सामन्याचा फोटो दाखवला होता. फोटोत सर्व्हिस करताना तिचा हात आभाळात असा काही गेला होता की आता चेंडू नव्हे, एखादी चांदणी काढून आणणार. मग खांदा गेला. शस्त्रक्रिया झाली, पुन्हा गेला, पुन्हा झाली. कपड्यांवरची नावं गळली, प्रशिक्षक गेला, आणि ती अशा छोट्या स्पर्धांमधून हिंडायला लागली. हा आठवडा सोलापूर, पुढचा थायलंड, त्यापुढे नकाशात शोधावं लागेल असं काहीतरी. सामान स्वतः उचलायची, कपडे स्वतः धुवायची, आणि हरली की त्याच संध्याकाळी पुढच्या गावाचं तिकीट बघायची.

तिचं इंग्रजी माझ्याइतकंच लंगडं, म्हणून आमचं फार छान जमायचं. इथे मी तिची वाक्यं सरळ करून देतोय. मूळ वाक्यात निम्मे शब्द आणि निम्मे हातवारे असायचे.

पहिल्याच वर्षी ती खांदा चोळत माझ्या टेबलाशी बसली होती. मी नक्कल करून दाखवली, की तुझ्या खांद्यात एक म्हातारा राहतो, कांबळं पांघरून. मी कमरेत वाकून, खोकत, काठी टेकत मंडपात दोन फेऱ्या मारल्या. ती इतकी हसली की पंचांनी मान वळवून बघितलं. 'म्हातारा' हा शब्द तिनं मराठीतच उचलला. त्यानंतर रोज सकाळी हजेरी: "काका, आज म्हातारा उठला." किंवा, "आज म्हातारा ऐकत नाही." सामना असला की ती तासभर आधी येऊन रबरी पट्टे ओढायची, दोरीवरच्या उड्या मारायची, हात गोल गोल फिरवायची. "लवकर उठत नाही तो," म्हणायची, "आणि एकदा झोपला की त्या दिवशी पुन्हा उठत नाही."

आमची कडक भाकरी तिला फार आवडायची. तिच्या देशात तांदळाचं असंच कुरकुरीत काहीतरी मिळतं म्हणे. शेंगाचटणीची पुडी आणि भाकरीचे तुकडे तिच्या किटबॅगेत मोज्यांच्या शेजारी असायचे. केळी खाणाऱ्या बाकीच्या पोरी तिच्याकडे संशयानं बघायच्या, आणि ही सेटच्या मधल्या विश्रांतीत कडाकडा भाकरी फोडायची.

पण दरवर्षी मी तार सैल करत होतो, हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तार सैल असली की चेंडू तारांच्या जाळीत जरा रुततो आणि आपसूक लांब फेकला जातो. खांद्याला कमी कष्ट पडतात, पण चेंडूवरचा ताबा सुटतो. तिची रॅकेट पहिल्या वर्षी टणकन वाजायची. शेवटच्या वर्षी वाजली ती धप्प, ओल्या भिंतीवर थाप मारावी तशी. तिनं ऐकलं, डोळे मिटूनच हसली आणि म्हणाली, "अजून थोडी सैल."

त्या वर्षी ती काय ठरवून आली होती, ते तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सोलापूरचं विजेतेपद मिळालं, तर तिचे गुण ऑस्ट्रेलियाच्या पात्रता फेरीपुरते होत होते. नुसत्या पात्रता फेरीपुरते. तिथे एक सामना खेळायचा, हरायचा, त्या कोर्टाला नमस्कार करायचा आणि थांबायचं. "इथे थांबायचं नाही," ती म्हणाली. मग सोलापूरचा अपमान तर झाला नाही ना, अशी शंका आली असावी. घाईघाईनं म्हणाली, "भाकरी चांगली आहे."

आणि पोरगी अंतिम फेरीत गेली. कशी गेली, ते तिचा देव जाणे आणि तो म्हातारा जाणे.

अंतिम सामन्याच्या सकाळी ती मागच्या कोर्टावरून घामाघूम होऊन आली. गाल लाल, डोळे चमकत होते. रॅकेट कानाला लावली आणि त्या दिवशी पहिल्यांदाच 'सैल' म्हणाली नाही. "काका, म्हातारा उठला. नाचतोय."

आता सामना सुरू व्हायचा. पण आमच्याकडे प्रमुख पाहुण्यांना खेळाडूंची ओळख करून दिल्याशिवाय गोट्यांचा डावसुद्धा सुरू होत नाही. पाहुण्यांची गाडी मोहोळच्या पुढे आली होती. मग टोलनाक्याला आली. मग बराच वेळ तिथेच होती. आमचे अण्णा, म्हणजे संयोजन समितीचे प्रमुख, मोठ्या मनाचा माणूस, त्यांनी दोन्ही खेळाडूंना कोर्टावर रांगेत उभं केलं होतं. बाहेरून आलेले मुख्य पंच घड्याळ दाखवत होते आणि अण्णा त्यांना चहा दाखवत होते. मी जवळ जाऊन म्हटलं, अण्णा, पोरींची अंगं गार पडतील, आधी खेळू द्या, सत्कार नंतर करा. अण्णांना खरोखर वाईट वाटलं.

"काय बोलताय मालक? सातासमुद्रापलीकडनं आलीय ती. तिला तसंच खेळाय सोडायचं व्हय? मान-पान काय हाय का न्हाय?"

पाहुणे आले. दोघींना गुलाबी फेटे बांधले. हार, श्रीफळ, आणि शाल. पाहुणे बोलायला उभे राहिले. ते एकदा जपानला जाऊन आले होते, ही मोठीच दुर्दैवाची गोष्ट ठरली. तिथली आगगाडी कशी वेळेवर सुटते, यावर ते पुष्कळ वेळ बोलले. डिसेंबरचा गार वारा सुटला होता. समोरची खेळाडू रशियाची, विशीतली. तिनं फेटा काढून खुर्चीवर ठेवला, सरळ रांगेतून बाहेर पडली आणि मागे दोरीवरच्या उड्या मारायला लागली. कुणी तिला काही बोललं नाही. साचिको मात्र हात जोडून, मान किंचित झुकवून, शालीत उभी होती. मी कोर्टाच्या कडेच्या जाळीपाशी जाऊन खुणा केल्या, हात फिरव, उड्या मार. तिनं मान हलवली. मी पुन्हा केल्या, तेव्हा हळूच म्हणाली, "काका, मोठी माणसं बोलतायत."

हीच ती साचिको. पंचांचा निर्णय चुकला तरी त्यांना वाकून नमस्कार करणारी. तिला वाटलं, हा या गावाचा विधी आहे, आणि विधी मोडून जाणं म्हणजे गावाला लाथ मारणं. त्या गुलाबी फेट्यात ती इतकी गोड दिसत होती की फोटोवाल्यांनी पाहुण्यांना आणखी एकदा शाल घालायला लावली.

पहिल्या सर्व्हिसला तिनं चेंडू वर फेकला, हात त्याच्यामागे निघाला आणि कानाच्या उंचीला थांबला. चेंडू एकटाच खाली आला. तिनं तो उचलला, पंचांची माफी मागितली, पुन्हा फेकला. पहिला सेट बघवत नव्हता. दुसरा तिनं कसा जिंकला हे मी आजही नीट सांगू शकत नाही. नुसते उंच, हळू, कापून मारलेले चेंडू टाकत ती त्या पोरीला कोर्टभर पळवत होती. तिसऱ्यात हात खांद्याच्या वर जाईना, तेव्हा ती खालून सर्व्हिस करायला लागली. गॅलरी भरायला आणलेली शाळेची पोरं होती. एक ओरडला, "बाई बॅडमिंटन खेळत्यात की!" आणि अख्खी गॅलरी हसली. दर सर्व्हिसला हसली. तिला भाषा कळत नव्हती, हसणं कळत होतं. ती खालूनच सर्व्हिस करत राहिली, शेवटच्या चेंडूपर्यंत.

हरल्यावर तिनं कोर्टाला वाकून नमस्कार केला. उपविजेतीची सोलापुरी चादर घेतली. अण्णा माझ्याजवळ येऊन म्हणाले, "हरली बिचारी. पण मान लई दिला आपण." त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते.

मग ती माझ्या टेबलाशी आली. डाव्या हातानं सगळ्या रॅकेटी टेबलावर ठेवल्या.

"काका, काप."

नवी तार किती ताणाची भरू, मी विचारलं. तिनं मान हलवली. मी कात्री उचलली. तार कापायची तर मधून सुरू करून बाहेर जायचं असतं, नाहीतर ताण एकीकडे जाऊन चौकट वाकडी होते. मी त्याच नियमानं कापत गेलो. प्रत्येक तार तुटताना जरा चिरकायची. ती शाल मांडीवर घेऊन बघत बसली होती.

"रागावलीस आमच्यावर?" मी विचारलं.

तिनं शालीवरून हात फिरवला. "चांगली आहे. ऊब आहे. म्हातारा लगेच झोपला." आणि ती हसली, पहिल्या वर्षीसारखी. या वेळी मात्र मी नक्कल केली नाही.

ती पुन्हा सोलापूरला आली नाही. कुठेच खेळली नाही. तिची एक चौकट माझ्या दुकानात खिळ्याला टांगलेली आहे. गिऱ्हाईक विचारतं, हिला तार का नाही भरली? मी विषय बदलतो.

ती चौकट तिनं त्या दिवशी स्वतः माझ्या हातात दिली. देण्याआधी सवयीनं कानाला लावली आणि डोळे मिटले. फार वेळ ऐकत राहिली. मग एक डोळा उघडून म्हणाली, "काका, ऐक."

मी कानाला लावली. त्या मोकळ्या चौकटीतून कोर्टावर माइकवरून चाललेलं अण्णांचं आभारप्रदर्शन अगदी स्वच्छ ऐकू येत होतं. तिचं नाव सगळ्यात आधी घेतलं होतं.